सदर मिळकत

अठ्ठावीस वर्षं मी दस्त लिहितो
कचेरीच्या भिंतीला टेकून, टिनाच्या शेडखाली.
खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड.
माणसं घर माझ्या टेबलावर आणून ठेवतात
आणि मी त्याच्या चार दिशा लिहून मोकळा होतो.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला,
उत्तरेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचे.
वर्षभरात त्यातल्या दोन खोट्या पडतात.
मधलं तर मला कधी दिसतच नाही.

मेच्या तेवीस तारखेला, सेहेचाळीसच्या उन्हात,
पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळून
एस्तेर योहान पाटोळे आल्या. वय एकोणऐंशी.
बसल्या, पाणी प्याल्या, म्हणाल्या,
'घर विकायचं नाही. द्यायचंही नाही कोणाला.
त्याला पाडायचा हक्क तेवढा काढून टाकायचा आहे.'

बाई, असा काही वेगळा हक्क असते का?
'असते ना. मालकाजवळच असते.
इतकी वर्षं माझ्याजवळ होता, मी वापरला नाही.
मी गेल्यावर भाचे वापरतीन.'

सोबतच्या न्यासाच्या पोरीनं मला समजावलं:
घर बाईंचंच. राहा, भाड्यानं द्या, विका सुद्धा.
पण व्हरांडा, सागाच्या कमानी, कवेलूचं छप्पर,
याला हात लावायचा तर न्यासाला विचारायचं.
त्यांनी, त्यांच्या भाच्यांनी,
भाच्यांकडून घेणाऱ्यानं,
त्या घेणाऱ्याकडून घेणाऱ्यानं.
मी लिहिलं, सदर येथील सदर मिळकत,
आणि रोज शंभरदा लिहितो त्या शब्दाचं
पहिल्यांदा हसू आलं.

मग परिशिष्ट.
रंगीत काचेचे झरोके सात. एक फुटका, तोही मोजला.
लाल फरशी, दोन खोल्या.
कूलरसाठी कापलेली खिडकी?
'ते नका लिहू. ते माझी चूक आहे,
कोणी दुरुस्त केली तर बरंच.'
आणि बैठकीच्या भिंतीतलं भोक.

कसलं भोक?
'पंख्याच्या दोरीचं. दोरी आतून बाहेर जायची,
बाहेर व्हरांड्यात माणूस बसून ओढायचा.
त्याच्या पाठीनं चुना गुळगुळीत झाला आहे, एवढा.'
दोन्ही हातांनी दाखवलं. एका पाठीएवढा.
नाव काय त्याचं?
'ते कोणी लिहून ठेवलं नाही.
मी बाबांना विचारलं नाही.
भोक बुजवू देऊ नका, एवढंच लिहा.'

माझं घर टिमकीच्या आतल्या गल्लीत होतं,
रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं.
पंचनाम्यात दीड ओळ:
कच्चे बांधकाम, टिनपत्रे नग अकरा.
त्यात काय बुजवू नये, हे विचारायला
कोणी पोरगी फाइल घेऊन आली नव्हती.
आणि माझा आजा उन्हाळ्यात काय काम करायचा,
हे मलाही माहीत नाही.
कलम नऊ मी जरा जाड अक्षरात लिहिलं.

आत संगणक विचारत होता, दस्ताचा प्रकार निवडा.
बाबू वरून खाली गेला, खालून वर आला.
'हे कशात टाकू बाप्पा? मोबदला किती?'
काही नाही.
'मंग बाई देऊन काय राह्यल्या?'
शेवटी 'इतर'वर टिचकी मारली.
बाईंचा अंगठा मशीन घेईना.
पदराला पुसला, ओला केला, परत ठेवला.
चाळीस वर्षं खडूनं घासलेला अंगठा.
पाचव्या खेपेला मशीननं कबूल केलं
की ह्या ह्याच.

संध्याकाळी स्कूटर सदरवरून घेतली.
गरज नव्हती.
फाटक बंद, आत कूलरचा आवाज.
रस्त्यावरून भोक काही दिसत नाही.
पाठीची जागा दिसते.
हॉर्न न वाजवता निघालो.

घरी उद्याची दोन खरेदीखतं बाकी होती,
एक त्याच गल्लीतलं, बिल्डर घेणारा, सात मजले.
पूर्वेस रस्ता.
दक्षिणेस रिकामा प्लॉट.
पश्चिमेस, बघावं लागेल.
उत्तरेस, एस्तेर योहान पाटोळे यांचे घर.